टिळकांनी मागितलेला कौल

आमच्या घरी एखादे मोठे काम निघाले म्हणजे आजी देवीला कौल लावते. विहीर कुठे खोदायची, बैल घ्यायचा की नाही, सोयरीक जुळवायची की मोडायची, हे सारे देवळात ठरते. ओली फुले देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवायची, हात जोडायचे आणि वाट पाहत बसायचे. उजवे फूल आधी पडले तर देवीचा होकार, डावे पडले तर नकार. बारावीनंतर मला कॉलेजात घालावे की नाही, याचाही कौल लागला होता. फूल डावे पडले. फूल नीट भिजलेच नव्हते, असे म्हणून आईने पुन्हा लावायला सांगितले. तेही डावे पडले. उजवे पडेपर्यंत आई देवळातून उठली नाही. म्हणून आज मी ह्या अंकात चार ओळी लिहीत आहे.

हा प्रसंग मी विसरूनही गेले असते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथालयातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घरी नेली, आणि त्यातला तो विलक्षण नवरा डोक्यातून जाईना. नारायण वामन टिळक हे नाव आपणा सर्वांच्या ओळखीचे. फुलांमुलांचे कवी म्हणून ते आपल्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या भेटत आले आहेत. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शिकताना ज्याचे डोळे भरले नाहीत असा विद्यार्थी विरळा. पण ह्या कवीने आयुष्यातले सर्वांत मोठे निर्णय देवाला विचारून घेतले, आणि त्यांची किंमत बऱ्याचदा दुसऱ्यांनी मोजली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नसते. देवाने सांगितले असे म्हणणाऱ्या माणसाला ते देवाने सांगितले की त्याच्या मनाने, हे कळते कसे? आमची आजी तरी दुसऱ्या कौलाला का तयार झाली? हे प्रश्न मनात घेऊनच मी टिळकांचे चरित्र वाचत गेले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकर आणि स्वभावाने अतिशय कडक. आई जानकीबाई मात्र मृदू, देवभोळी आणि गाण्याची आवड असलेली. आई लवकर गेली आणि मुलाचे घरातले लक्ष उडाले. नारायण घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे संस्कृत शिकला, काही दिवस इंग्रजी शाळेत गेला. सलग शिक्षण त्याच्या नशिबी नव्हते. आपल्यापैकी कितीतरी जणांची हीच कथा आहे, तेव्हा ह्यावर अधिक लिहीत नाही.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका टिळकांच्या घरी आली आणि लक्ष्मी झाली. तो अठरा वर्षांचा, ती अकरा-बारा वर्षांची. त्यानंतरची पंधरा वर्षे म्हणजे नुसती भटकंती. टिळक कधी शिक्षक झाले, कधी छापखान्यात काम केले, कधी कीर्तने-पुराणे सांगितली. एका गावी बस्तान बसले न बसले तो मनात काही यावे आणि त्यांनी उठून चालू लागावे. बायकोला सांगून जावे असेही नाही! पैसा हातात टिकत नसे. घरात पीठ नसताना कुणा गरजूला खिसा रिकामा करून द्यावा, हा तर नित्याचा प्रकार. लक्ष्मीबाईंनी हे सारे इतक्या हसत लिहिले आहे की वाचताना आपणही हसतो. पुस्तक मिटल्यावर मात्र त्या मुलीची दया येते.

मी हे मुद्दाम सांगत आहे. ज्या माणसाच्या जीवनात पुढे ईश्वरी आज्ञेला एवढे स्थान आले, तो मुळात लहरी होता. लहर आणि आज्ञा यांत फरक करणे त्यालाच सर्वांत अवघड जाणार होते.

नागपूरला अप्पासाहेब बुटी या धनिकांनी टिळकांना आश्रय दिला. वैदिक ग्रंथांचे काम, 'ऋषि' नावाचे मासिक, विद्वानांची सोबत, सर्व काही होते. पण मनाची शांती नव्हती. जातिभेद, सोवळेओवळे, कर्मकांड यांवरून त्यांचे मन उडाले होते. देशाची उन्नती व्हायची तर धर्म नव्याने घडवला पाहिजे असे त्यांना वाटू लागले होते, आणि तो आपणच घडवावा इथपर्यंत विचार गेला होता. अशा अवस्थेत, १८९३ च्या सुमारास, नोकरीसाठी ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने निघाले.

ह्या प्रवासाचे मला फार नवल वाटते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरायचे म्हणजे अपमानाची तयारी ठेवूनच. पण ह्या गृहस्थाने सरकून जागा दिली, संस्कृत काव्यावर बोलणे काढले, आणि उतरताना बायबलातील नवा करार टिळकांच्या हाती ठेवला. तो वाचलात तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते अर्थातच पटले नाही, पण वाचण्याचा शब्द त्यांनी दिला. त्या गृहस्थाचे नाव इतिहासात राहिलेले नाही. आमच्या आष्टीला नगरहून रेल्वे यायला २०२२ साल उजाडले आणि बीड शहराला २०२५. गाडीत शेजारी कोण बसेल आणि त्याने काय होईल, ह्याचा अनुभव आम्हांला आता कुठे येऊ लागला आहे!

शब्द दिला म्हणून टिळक वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि पुस्तक खाली ठेववेना. शत्रूवर प्रेम करणे, परमेश्वराला बाप म्हणून हाक मारणे, ह्या गोष्टींत त्यांना आपल्या साऱ्या प्रश्नांची उत्तरे सापडू लागली.

आता खरी गोष्ट येथून पुढे आहे. टिळकांच्या आधीच्या स्वभावाप्रमाणे पाहिले तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी एखाद्या मिशनच्या दारात जाऊन उभे राहायला हवे होते. तसे त्यांनी केले नाही. जवळजवळ दोन वर्षे ते वाचत राहिले, प्रार्थना करीत राहिले. आपले नाव न कळवता मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार करून शंका विचारीत राहिले. एक स्वप्न त्यांना पडत असे, त्यात कुणीतरी त्यांना ख्रिस्ताच्या मागे जा, भिऊ नकोस, असे सांगे, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. हे स्वप्न वाचून आमच्या वर्गातला एक मित्र म्हणाला, म्हणजे शेवटी तोही कौलच की! मला तसे वाटत नाही. कौलात फूल पडले की विचार संपतो. टिळकांचा विचार स्वप्नाने संपला नाही. स्वप्न पडत होते आणि वाचनही चालू होते, प्रश्नही चालू होते. आयुष्यात बहुधा प्रथमच ह्या उतावळ्या माणसाने स्वतःला थांबवून धरले होते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो त्यांनी गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या आपल्याच देशातील धर्मोपदेशकाच्या हातून घेतला. वय तेहतीस. ख्रिस्ती व्हायचे म्हणजे साहेब व्हायचे नाही, हा हट्ट पहिल्या दिवसापासून होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

पण लक्ष्मीबाईंचे काय? त्यांना आधी कोणी विचारले नाही की नीट सांगितले नाही. सव्वीस वर्षांची ती बाई, पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू, आणि एके दिवशी समजते की नवरा बाटला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ब्राह्मण घरात ह्या शब्दाचा अर्थ काय होता, तो आपण आज नीट कल्पूही शकत नाही. नवरा जिवंत असून बाई विधवेपेक्षा वाईट. त्यांच्या मनाचा तोल जायची वेळ आली. माहेरची माणसे डोळ्यांत तेल घालून त्यांना जपत होती. नाशिक, जलालपूर, पंढरपूर अशा ठिकाणी नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी चारपाच वर्षे काढली.

येथे मी टिळकांना माफ करू शकत नाही. देवाला दोन वर्षे विचारणाऱ्या माणसाला बायकोला एकदा विचारावेसे का वाटले नाही? माझ्या मैत्रिणीशी ह्यावर वाद झाला. ती म्हणते, विचारले असते तर नकारच आला असता, मग त्यांनी काय करावे? तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मला कबूल करावे लागते. तरीही नकार ऐकून घेऊन जाणे वेगळे आणि न सांगता जाणे वेगळे.

मात्र त्यानंतर टिळक जे वागले, त्यात मला त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी दिसते. त्या काळी १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतर केलेल्या माणसाची बायको किंवा नवरा त्या कारणाने नांदायला येत नसेल, तर कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येई आणि दुसरे लग्न करता येई. टिळकांना तो मार्ग मोकळा होता. ते त्या मार्गाने गेले नाहीत. बळजबरीने मुलगा काढून नेला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, अपमान सोसत राहिले. संताप, रुसवे, भांडणे झाली नाहीत असे नाही. टिळकांचा राग प्रसिद्धच होता. पण ज्याला पूर्वी एका गावी सहा महिने धीर निघत नसे, तो माणूस पाच वर्षे एकाच दाराशी थांबून राहिला.

अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या. हे नगर म्हणजे आजचे अहिल्यानगर, आमच्या बीड जिल्ह्याच्या शिवेला लागूनचे. तेव्हा मधली शीव म्हणजे जणू दोन देशांची हद्द. पलीकडे इंग्रजांचे राज्य आणि अलीकडे आमच्याकडे निजामाचे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे होते आणि टिळक तेथे धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत होते. लक्ष्मीबाई आल्या त्या ख्रिस्ती व्हायला आल्या नव्हत्या. त्यांचे सोवळे, त्यांची चूल, त्यांचे पाणी सगळे वेगळे. नवरा रेव्हरंड होण्याच्या वाटेवर आणि बायको त्याच्या हातचे पाणी घेत नाही, असा संसार सुरू झाला. टिळकांनी तो चालू दिला. तू माझ्या देवावर विश्वास ठेव असा हुकूम त्यांनी सोडला नाही, आणि हे त्या काळच्या नवऱ्याच्या दृष्टीने लहान काम नव्हते.

लक्ष्मीबाईंचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून झाला. सोवळ्यापायी पाण्याचे आणि जेवणाचे हाल सोसता सोसता त्या विचार करू लागल्या. एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की ह्या जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केलेल्या आहेत. एवढे पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खायला-प्यायला आरंभ केला. शास्त्रार्थ नाही, स्वप्न नाही. फार शिकलेल्या नसलेल्या बाईने चुलीपुढे बसून केलेला विचार तो! ख्रिस्तावरची श्रद्धा त्यानंतर हळूहळू आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला. नवरा-बायको एकाच ठिकाणी पोहोचले, पण दोघांच्या वाटा निराळ्या होत्या. मला विचाराल तर बायकोची वाट अधिक पक्की होती. तिच्यामागे कुठलीही लहर नव्हती.

नगरची वर्षे टिळकांच्या आयुष्यातली सर्वांत भरभराटीची. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ख्रिस्ती मंडळींत तोवर बरीच गाणी इंग्रजी चालीवरची, अनुवादाच्या वळणाची. टिळकांनी अभंग, ओव्या, भजने लिहिली, आणि टाळ-मृदंगाच्या चालीवर देवळात गाता येतील अशी शेकडो गीते दिली. आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत ती गातात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आमचे आजोबा पंढरीचे वारकरी. अंबाजोगाईचे मुकुंदराज आणि दासोपंत आमच्या जिल्ह्याचे दैवत. त्यामुळे टिळकांची भजने वाचताना मला परके असे काही वाटले नाही. देव बदलला असेल, पण हाक मारण्याची तऱ्हा आपलीच होती. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले.

ह्याच घरी बालकवी ठोमरे येऊन राहत. टिळकांनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. ते बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि टिळकांचे प्रेम त्यामुळे तसूभरही कमी झाले नाही. दुष्काळातली पोरकी मुलेही त्यांच्या घरी आली, वाढली. लक्ष्मीबाईंना घरात नेमकी किती माणसे जेवणार आहेत हे बहुधा सकाळी ठाऊक नसे!

आता शेवटचा निर्णय. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली. पंचावन्न हे वय आपल्याकडे निवृत्तीच्या जवळ आल्याचे, हप्ते फेडून झाल्यावर थोडे टेकण्याचे. टिळक मात्र साताऱ्याला गेले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' ही नवी मंडळी काढली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तीत एकत्र बसतील, अशी ती कल्पना. मिशनच्या पैशावर न चालणारी, ह्या मातीतली भक्तमंडळी त्यांना हवी होती. मिशनमधील पुष्कळांना हे रुचले नाही. बाप्तिस्मा न घेता कसला ख्रिस्ती, असे आक्षेप निघाले.

ह्यावर माझा एक तर्क आहे. ख्रिस्ताच्या मागे जायचे म्हणजे घरदार तोडूनच जायचे, ही अट टिळकांनी १८९५ मध्ये स्वतः पाळली होती आणि तिचे फळ लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत पाच वर्षे पाहिले होते. दुसऱ्या कुणाच्या घरात तसे होऊ नये, हा विचार 'दरबारा'च्या मुळाशी असावा. तसे त्यांनी कोठे लिहिले आहे असा माझा दावा नाही. पण दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले की हे सुचल्याशिवाय राहत नाही. आणखी एक फरक आहे. ह्या वेळी लक्ष्मीबाई बरोबर होत्या. संसार पुन्हा अनिश्चित झाला, पण न सांगता कोणी निघून गेले नाही.

'दरबार' फार दिवस चालला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला आणल्या गेल्या. त्यांच्यामागे ती मंडळी पांगली. नोकरी सोडण्याचा कौल मग खोटा म्हणायचा का? आमच्या वर्गात बहुतेकांचे मत तसे पडले. जे टिकले नाही ते चुकले, असा आपला हिशेब असतो. मला तो पुरेसा वाटत नाही, परंतु त्याला सडेतोड उत्तरही माझ्याजवळ नाही. ज्या माणसाने एकदा दोन वर्षे थांबून देवाला विचारले आणि पुढे पाच वर्षे थांबून बायकोची वाट पाहिली, त्याचा शेवटचा निर्णय नुसती लहर होती, असे म्हणायला जीभ रेटत नाही, इतकेच.

आमच्या घरी सध्या पुन्हा कौलाची भाषा चालू आहे. एक स्थळ आले आहे, आणि बी. ए. पुरे करू द्यावे की नाही हा प्रश्न आहे. ह्या खेपेला मी आजीला सांगितले आहे की देवीला विचारण्याआधी मला विचार. आजी रागावली नाही. विचार करते म्हणाली.

टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे राहिले होते. जेमतेम दहा अध्याय आणि अकराव्याचा काही भाग झाला होता. ते पुरे करायला घेतले लक्ष्मीबाईंनी, वयाची साठी जवळ आल्यावर. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या त्या बाईने पुढचे पन्नासावर अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून निघाला. त्यात नवऱ्याचे लिखाण कोठे थांबते आणि बायकोचे कोठे सुरू होते, हे पाहण्यासाठी तो ग्रंथ मी आमच्या ग्रंथालयात मागितला आहे. कपाटाची किल्ली सापडली की मिळेल, असे ग्रंथपाल सरांनी सांगितले आहे.